चारच्या उन्हातले डॉक्टर

आमच्या डॉक्टरांकडे वैद्यकीची कसलीही पदवी नव्हती. ते इमारतींचे आराखडे करायचे. पण कोणत्याही इमारतीपाशी गेले की दार शोधण्याआधी हाताची उपडी बाजू भिंतीला लावायचे, आई पोराच्या कपाळाला लावते तशी. मग कठड्याला, मग दाराच्या कडीला, मग बाहेर बाक असेल तर त्याला. दोन क्षण थांबून निदान सांगायचे, "हिले ताप आहे." नाहीतर, "बरी आहे. झोपू द्या हिले." ऑफिसात आम्ही आधी पाठीमागे त्यांना डॉक्टर म्हणायचो, मग तोंडावर म्हणायला लागलो, आणि पुढे पुढे नकाशावरची सही सोडली तर त्यांचं खरं नाव कुठेच उरलं नाही.

त्यात ऑफिस नागपूरच्या धंतोलीत. तिथे खाली दवाखाना, शेजारी दवाखाना, समोर औषधाचं दुकान. एकदा आर्वीकडचे एक आजोबा एक्स-रेचं पाकीट काखेत धरून चुकून आमचा जिना चढून आले. नेमकं तेव्हाच कुणीतरी हाक मारली, "डॉक्टर, तुमचा फोन." झालं, आजोबा खुर्चीत बसले ते उठायलाच तयार नाहीत. डॉक्टरांनी त्यांचा गैरसमज दूर करायची घाई केली नाही. उपडा हात त्यांच्या कपाळाला लावला, एक्स-रे खिडकीपाशी उजेडात धरून बराच वेळ पाहिला, म्हणाले, "बांधकाम मजबूत आहे, बाबाजी. काळजी करू नका. चला, मी सोडून देतो." आणि त्यांना हाताला धरून दोन इमारती पलीकडच्या खऱ्या डॉक्टरांकडे स्वतः पोचवून आले. परत आले ते मात्र तणतणत. त्या दवाखान्याचा आराखडा त्यांचाच होता, आणि मधल्या काळात कुणीतरी पश्चिमेकडची पडवी बंद करून तिथे काचा लावल्या होत्या. "पेशंटपेक्षा बाकाले ताप जास्त आहे तिथं," ते म्हणाले. त्या दिवशी कुणाचाच नकाशा त्यांच्याकडून पास झाला नाही.

त्यांचा सगळा विश्वास दुपारी चारच्या उन्हावर. नागपूरकराला या उन्हाबद्दल सांगायला नको. बारा वाजता ते डोक्यावर असतं, छत्रीनं तरी भागतं. चार वाजता ते आडवं येऊन थेट घरात शिरतं. डॉक्टर म्हणायचे, "सकाळी काय, सगळेच चांगले दिसतात. बिल्डिंग पाह्याची तर मे महिन्यात, चार वाजता." त्या वेळेला ते आम्हाला साइटवर न्यायचे. डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात कांदा. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायची आपल्याकडची रीत त्यांनी जन्मभर पाळली. मी नवी होते तेव्हा एकदा हसले, तर त्यांनी दुसऱ्या खिशातून दुसरा कांदा काढून माझ्या हातावर ठेवला. "हास, पण खिशात ठेव," म्हणाले. मीही ठेवला. माझ्या पर्सला पुढे दोन वर्षं कांद्याचा वास येत होता, आणि ऊन कधी लागलं नाही. ते कांद्यामुळे की त्यांच्या बडबडीमुळे, हे मला ठरवता आलेलं नाही.

इमारत चांगली की वाईट, याची त्यांची एकच परीक्षा होती. "जिच्या सावलीत दुपारी माणूस आपणहून झोपते, ती पास." सोनेगावकडे त्यांनी एक मंगल कार्यालय बांधलं होतं. तिथल्या एका लग्नात जेवणं आटोपल्यावर बँडवाल्यांपैकी एक जण मागच्या पायरीवर छातीशी क्लॅरिनेट धरून गाढ झोपलेला दिसला. डॉक्टर वधूवरांना आशीर्वाद द्यायचं सोडून आम्हाला एकेकाला मागे नेऊन तो माणूस दाखवत राहिले, तेही कुजबुजत, कारण तो उठायला नको. त्यांच्या कपाटात दोनतीन सन्मानचिन्हं होती, त्यांच्यावर टोप्या टांगलेल्या असत. या बँडवाल्याचा किस्सा मात्र ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे.

दुसरी रीत मॉडेलची. कोणत्याही कामाचं पुठ्ठ्याचं मॉडेल झालं की ते घराच्या गच्चीवर न्यायचं, दिशा बरोबर लावायच्या आणि एक अख्खा दिवस उन्हात ठेवायचं. ऑफिस पहिल्या मजल्यावर, वर त्यांचं घर, त्यावर गच्ची. पुठ्ठाही बाजारचा नाही, जुन्या लग्नपत्रिकांचा. एका बंगल्याच्या छतावर 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं छापलेलं मी वाचलेलं आहे. संगणकावर सूर्य फिरवून दाखवता येतो असं आम्ही सांगायचो. ते मन लावून पाहायचे, कौतुक करायचे आणि म्हणायचे, "छान आहे. आता वर नेऊन ठेव." काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, याला 'मॉडेलले ऊन दाखवणं' म्हणायच्या, कारण त्यांच्या लेखी गच्चीवर जाणाऱ्या सगळ्या गोष्टी एकाच जातीच्या, मग त्या गाद्या असोत की मिरच्या.

आणि मग ते काम आलं.

कामठीच्या पुढे, कन्हान नदीच्या पलीकडच्या काठाला, बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल अशा सगळ्या पैशाच्या व्यवहारवाल्यांची एक नवी वसाहत उभी राहणार होती. तिच्यात अगदी नदीकाठावर एक उंच टॉवर हवा होता, रामटेकच्या रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही लांबून दिसेल असा. डॉक्टरांनी आयुष्यभर दवाखाने, मंगल कार्यालयं आणि फ्लॅटच्या इमारती केल्या होत्या. उंच असं काही नाही, ओळख व्हावी असं काही नाही. ते मूळचे रामटेकजवळच्या एका धानाच्या गावचे. ती नदी त्यांनी लहानपणापासून बसच्या खिडकीतून पाहिलेली. स्पर्धेला नाव द्यायचं ठरलं त्या दिवशी ते मला म्हणाले, "शुभांगी, हे एक करतो आणि मग गावाकडे जातो. एवढं एक आपलं म्हणून उभं राह्यलं पाह्यजे."

त्यांनी काढलेल्या आराखड्याभोवती आम्ही सगळे हातातली कामं टाकून जमलो. जागा नदीच्या पूर्वेला, त्यामुळे टॉवरचं तोंड पश्चिमेकडे, नदीवर. ते तोंड त्यांनी सपाट न ठेवता आत वळवलं होतं. नदीचं पाणी घ्यायला दोन तळवे जोडावेत, तशी काचेची उंच, खोलगट भिंत. नावही तेच, 'ओंजळ'. त्याच्या पायथ्याशी काठाकाठानं फिरायची वाट आणि बाकं. मुंबईच्या एका मोठ्या फर्मला मागे टाकून आमची निवड झाली. प्रकल्पाचे प्रमुख, ज्यांना सगळे शेठजी म्हणायचे, त्यांना नाव इतकं आवडलं की वीटसुद्धा आली नव्हती तेव्हा रस्त्यावर 'ओंजळ'ची भली मोठी पाटी लागली.

हे सगळं झालं हिवाळ्यात. मॉडेल लग्नपत्रिकांचं नव्हतं, बाहेरून करून आणलेलं, कमरेएवढं उंच, काचेसारखं दिसावं म्हणून वळणावर चंदेरी कागद लावलेला. ते शेठजींकडे गेलं, प्रदर्शनात गेलं, वर्तमानपत्रात गेलं. गच्चीवर तेवढं गेलं नाही. जानेवारीत कसलं ऊन दाखवणार? आणि खरं सांगायचं तर डॉक्टर त्या वळणाच्या प्रेमात पडले होते. प्रेमात पडलेला माणूस पत्रिका बघत नाही. जाता येता ते त्या खोलगट भागावरून हात फिरवायचे, पण तळहात. उपडा नाही.

मे महिन्यात मॉडेल परत आलं तेव्हा ऑफिसात रंगकाम चालू होतं. ठेवायला जागा नाही, म्हणून दोघांनी ते उचलून गच्चीवर नेलं. खालून डॉक्टरांनी सवयीनं सांगितलं, "दिशा बरोबर ठेवा गा." त्यांनी ठेवली. गच्चीवर काकूंनी प्लास्टिकच्या कागदावर कुरड्या वाळत घातल्या होत्या, गव्हाचा चीक काढून, सकाळपासून खपून घातलेल्या. चार वाजून गेल्यावर जिन्यातून हाक आली. ओरडणं नव्हतं, उलट आवाज जरा जास्तच शांत होता.

"अहो, वर या बरं. तुमच्या टॉवरनं माह्या कुरड्या भाजल्या."

आम्ही हसत हसत वर गेलो. मॉडेलच्या समोर, जिथे नदीकाठची वाट काढली होती त्याच्याही जरा पुढे, गच्चीवर उजेडाचा एक पांढरा पट्टा पडला होता. त्या पट्ट्याखालचा प्लास्टिकचा कागद आकसून वितळला होता आणि तेवढ्याच कुरड्या तेल न दाखवता लालसर झाल्या होत्या. बाकीच्या आजूबाजूला पांढऱ्याशुभ्र. एका जणानं म्हटलंही, "काकू, तळायचं काम वाचलं." डॉक्टरही हसले. मग हसता हसता थांबले, उकिडवे बसले आणि त्यांनी उपडा हात त्या पट्ट्यात धरला. धरला आणि लगेच काढला.

खोलगट आरसा ऊन एका ठिकाणी गोळा करतो, हे शाळेतलं विज्ञान. आम्ही सगळ्यांनी ते शिकलेलं. टॉवरच्या आत किती गरम होईल, एसी किती लागेल, काच कशी घ्यायची, याची आकडेमोड आम्ही महिनोन्‌महिने केली होती. काचेवरून उलटून गेलेलं ऊन कुठे पडेल, हे कुणी पाहिलंच नव्हतं. मी खाली जाऊन संगणकावर मांडून पाहिलं. मे महिन्यात चार वाजता तो पट्टा बरोबर त्या बाकांवर येत होता, आणि सूर्य खाली जाईल तसा वाटेवरून सरकत पाण्याकडे जात होता. म्हणजे पोरं सायकल खेळणार, म्हातारी माणसं टेकणार, नेमकी तीच जागा.

"आतल्या माणसाचा ताप पाह्यला आपण," डॉक्टर म्हणाले. "बाहेरच्याचा पाह्यलाच नाही. चूक माही आहे. मी ऊन दाखवलं नाही याले."

त्यांचा चेहरा तेव्हा मला बघवेना. पावसाळा संपला की पायाचं काम सुरू होणार होतं. आता आराखडा बदलायचा म्हणजे शेठजींच्या मंडळासमोर जाऊन सांगायचं, तुम्ही ज्याच्यावर भाळलात ते वळणच चुकलं आहे. मुंबईची फर्म वाटच बघत होती. काम गेलं असतं तर गेलंच, आणि त्यांच्या वयाला दुसरं असं काम येण्यासारखं नव्हतं. आमच्यातल्या एकानं सुचवलं की वळण राहू द्या, काच तेवढी कमी चमकणारी घेऊ, पट्टा फिका होईल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. डॉक्टरांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "ताप उतरवाचा आहे बाबू, का थर्मामीटर फोडाचं आहे?" एवढंच म्हणाले आणि शेठजींना फोन लावायला सांगितला. वेळ मागितली चारची.

शेठजींच्या एसी हॉलमध्ये पडदा, खुर्च्या, काजू सगळं मांडलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "माफ करा, पण गच्चीवर जावं लागते." मी आणि आणखी एक जण मॉडेल घेऊन पुढे, मागून शेठजी आणि त्यांच्या मंडळातले चार लोक, बुटांचा करकर आवाज करत. डॉक्टरांनी मॉडेल मांडलं, खिशातून होकायंत्र काढून दिशा लावली आणि काकूंनी दिलेल्या स्टीलच्या डब्यातली एक पांढरी कुरडई उजेडाच्या पट्ट्यात ठेवली. मग आम्ही सगळे, सूटबूट घातलेली ती शहाणी माणसं धरून, एका कुरडईकडे बघत उभे राहिलो. मध्ये एक कावळा आला. डॉक्टरांनी दुपट्टा झटकून त्याला हाकललं. ती कुरडई मेली लाल व्हायचं नाव घेईना. शेवटी तिची एक कड तांबूस झाली. मग शेठजींनीच वाकून आपला हात त्या पट्ट्यात धरला आणि झटक्यात मागे घेतला.

"यहाँ शाम को बच्चे खेलेंगे ना, डॉक्टरसाब?"

"हाव. आणि बुढे लोकं बसतील."

शेठजी बराच वेळ हात चोळत राहिले. मंडळातल्या एकानं पाटीचा विषय काढला, नावाचं काय, जाहिराती गेल्या, लोक ओंजळ म्हणून बुकिंग करून राहिलेत. डॉक्टरांनी दोन्ही तळवे जोडले, ओंजळ केली आणि ती तशीच उलटी करून आपल्या डोळ्यांवर धरली, उन्हात लांबचं पाहताना धरतात तशी. "ओंजळच आहे, साहेब. फक्त आता पाण्यासाठी नाही, सावलीसाठी." शेठजी हसले. मग त्यांनी जे म्हटलं ते डॉक्टर पुढे कितीतरी दिवस आम्हाला ऐकवायचे. "बनने से पहले जला, अच्छा हुआ. बाद में जलता तो हम किसको मुँह दिखाते?" त्यांनी आम्हाला पावसाळाभराचा वेळ दिला आणि कुरड्यांचा डबा स्वतःकडे ठेवून घेतला. काकूंना तो परत मिळायला दिवाळी उजाडली, पण आला तेव्हा काजूकतलीनं भरलेला होता.

गच्चीवरून उतरताना डॉक्टर मधल्या पायरीवर मटकन बसले. पाणी मागितलं. "मले वाटलं होतं, गेलं काम," म्हणाले, आणि मग त्यांना हसू फुटलं ते थांबेचना. मला मात्र रडू आलं, कारण नसताना. छातीवरचा धोंडा उतरला की माणसाला काय करावं ते कळत नाही. आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो, वर उन्हात कमरेएवढा टॉवर, आणि आजूबाजूनं जाणाऱ्या लोकांनी आम्हाला काय समजायचं ते समजून घेतलं.

पुढचे चार महिने मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. वळण त्यांनी उलटं केलं, पोट बाहेर, म्हणजे ऊन एका जागी न साठता फाकून जाईल. त्यावर ऊन अडवायला उभ्या, रुंद पट्ट्या, मोठ्या घरांच्या खिडक्यांना असतात तशा. आणि सगळ्यात मोठा बदल खाली. खालचे तीन मजले त्यांनी भिंतीच न घालता मोकळे सोडले, आरपार, नदीवरचा वारा जाईल असे, आणि बाकं उन्हातून उचलून त्या छपराखाली खोल आत आणली. भाड्यानं जाणारी एवढी जागा मोकळी सोडायची म्हटल्यावर कुरकुर झालीच. डॉक्टर म्हणाले, "आमच्या गावच्या घराले सपरी होती. घरापुढं छत टाकलेली मोकळी जागा. वाटसरू तिथं बसे, विचाराचं काम नव्हतं. एवढी मोठी बिल्डिंग, अन् तिले सपरी नाही? लोकं काय म्हणतील?" मंडळानं सपरी मंजूर केली. लोक काय म्हणतील, या प्रश्नाला आपल्याकडे अजून कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

टॉवर पूर्ण व्हायच्या आधीच त्यांनी ऑफिस आमच्या हाती दिलं आणि काकूंसह गावी गेले. निरोप समारंभ करू दिला नाही. जाताना जिन्याच्या कठड्याला उपडा हात लावला आणि उतरून गेले. उद्घाटन जानेवारीत झालं, मोठ्या थाटात. त्यांना गाडी पाठवतो म्हटलं तर फोनवर म्हणाले, "जानेवारीत? जानेवारीत तर तंबूही चांगला लागते. मी नाही येत." काकूंनी मागून सांगितलं की गुडघे दुखतात, त्यांना बहाणा पाहिजे होता. मला मात्र वाटत राहिलं की त्यांना भीती वाटते आहे. पुन्हा काही चुकलं असेल तर, याची.

त्यानंतर फोन कमी झाले. एप्रिलमध्ये काकू म्हणाल्या, हल्ली जरा थकलेत, बोलत नाहीत फारसे. मी येते येते म्हणत राहिले आणि कामाच्या रगाड्यात जाणं झालं नाही.

या मे महिन्यात टॉवरमधल्या एका बँकेचं काही काम निघालं आणि मी कन्हानला गेले. वेळ मुद्दाम ठरवली नव्हती, पण पोचले तेव्हा चारच वाजले होते. आगीसारखं ऊन. गाडीतून उतरून सपरीत शिरले आणि वाऱ्यानं बरं वाटलं. बाकं बहुतेक रिकामी होती. अगदी आतल्या बाकावर कुणीतरी आडवं झालं होतं, तोंडावर पांढरा दुपट्टा, चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या. मी तशीच पुढे गेले असते. पण बाकाखाली, चपलांच्या शेजारी, खिशातून घरंगळलेला एक कांदा पडलेला होता.

मी धावले. "डॉक्टर," हाक मारली. हालचाल नाही. पुन्हा मारली. इकडून सिक्युरिटीवाला येत होता, म्हणाला, "मॅडम, ते बाबाजी रामटेकच्या बसनं उतरले. पुरी बिल्डिंग हात लावून पाह्यली त्याइनं, मंग इथं झोपले. बराच वेळ झाला." बराच वेळ. या उन्हात, या वयात, बसनं, एकटे. माझ्या डोळ्यांपुढे काय काय येऊन गेलं. दुपट्टा बाजूला केला आणि कसा कोण जाणे, माझा हात उपडाच गेला त्यांच्या कपाळावर.

कपाळ गार होतं. म्हणजे जिवंत गार, घाम वाळलेलं. दुसऱ्याच क्षणी एक दणदणीत घोरणं ऐकू आलं. मी तिथेच खाली बसले, फरशीवर, त्या कांद्याशेजारी.

डॉक्टरांनी एक डोळा उघडला. मला पाहून त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"मले काहून हात लावून राहिली?" म्हणाले. "बाकाले लाव."

मी लावला.

"ताप नाही," मी सांगितलं. तोवर घोरणं पुन्हा सुरू झालं होतं.